बनवणारे आणि सांभाळणारे

"आजकालच्या पोरांत सेवाभाव उरला नाही" हे वाक्य आमच्या पेडण्यात कुठल्याही व्यासपीठावरून, कुठल्याही विषयावर म्हणता येतं आणि टाळ्या हमखास पडतात. शिगम्याच्या मिरवणुकीत पोरं कमी दिसली की हे वाक्य. दशावताराच्या नाटकाला खुर्च्या मांडायला कोणी आलं नाही की हे वाक्य. मध्यंतरी संगणकावर बोलायला आलेल्या एका वक्त्यांनी तेच ब्राउझरला लावलं. त्यांचं म्हणणं असं, की वीस वर्षांपूर्वी हौशी मुलं फायरफॉक्ससारख्या मुक्तस्रोत ब्राउझरच्या स्वतःच्या आवृत्त्या घरी बसून तयार करायची आणि जगाला फुकट वाटायची. आताच्या मुलांना आयतं हवं. सभागृहात माना डोलल्या. माझी डोलली नाही. का डोलली नाही, ते तिथल्या तिथे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

हा विषय घरातल्या बाईचा नव्हे, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, घर चालवणाऱ्या बाईला तो जितका लवकर कळेल तितका माईकसमोर उभ्या राहणाऱ्याला कळणार नाही. कारण यातली सगळी मेख एकदा करण्यात आणि रोज करण्यात जो फरक आहे, त्यात आहे. आणि तो फरक आम्हाला कुणी शिकवावा लागत नाही.

आधी ज्या मैत्रिणी पान उलटायच्या बेतात असतील त्यांच्यासाठी थोडं. लाइटबिल भरताना, बँकेचं खातं बघताना, जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढताना, लेकीचा निकाल बघताना आपण ज्या खिडकीतून बघतो ती खिडकी म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्या खिडक्यांची नावं. यातल्या काही खिडक्या कशा बनवल्या याची कृती जाहीर असते. कुणीही ती वाचावी, बदलावी, बदललेली दुसऱ्याला द्यावी. याला मुक्तस्रोत म्हणतात. नेटस्केप कंपनीने 31 मार्च 1998 रोजी आपल्या ब्राउझरची कृती अशी जगाला खुली केली, त्यातून मोझिला उभं राहिलं आणि 9 नोव्हेंबर 2004 रोजी फायरफॉक्सची पहिली पक्की आवृत्ती आली. गूगलच्या क्रोमच्या पोटातही क्रोमियम नावाची अशीच खुली कृती आहे.

आता कृती खुली म्हटल्यावर माणसं हात घालणारच. आमटीची कृती एक असली तरी कोल्हापूरची, सांगलीची आणि पेडण्याची आमटी एक होत नाही. त्या काळात मोझिलाची आवृत्ती जगातल्या यच्चयावत संगणकांवर चालायला हवी म्हणून जरा सबुरीने बेतलेली असे. हौशी मंडळी तीच कृती घेऊन आपापल्या प्रोसेसरला साजेशी पुन्हा शिजवायची. लिनक्सवर स्विफ्टफॉक्स होता, इंटेलसाठी वेगळा आणि एएमडीसाठी वेगळा. 2009 मध्ये पेल मून आला. त्याची तर नेटबुकमधल्या अॅटम प्रोसेसरसाठी खास आवृत्ती होती. मॅकवाल्यांसाठी कॅमिनो होता. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने वॉटरफॉक्स काढला, कारण विंडोजसाठी 64-बिटचा फायरफॉक्स मोझिला देत नव्हती आणि त्याला तो हवा होता. अॅपलच्या जुन्या पॉवरपीसी संगणकांना मोझिलाने सोडलं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थांनी टेनफोरफॉक्स नावाची आवृत्ती काढली आणि 2010 पासून 2021 पर्यंत चालवली. अकरा वर्षं! आपला नोकरीधंदा सांभाळून.

माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. होस्टेलवर रात्री संगणकाला ब्राउझर शिजवायला लावायचा आणि सकाळी उठून बघायचा. जमलं असेल तर मित्रांना पेनड्राइव्हवर वाटायचा. त्यातली एक आवृत्ती आमच्या पेडण्याच्या दुकानातल्या जुन्या संगणकावरही चालली, बरीच वर्षं. त्या संगणकाला मोठा ब्राउझर झेपत नसे. असे संगणक तेव्हा गोव्यात घरोघर होते. सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना संगणक मिळाले होते आणि मुलं शिकून पणजी-पुण्याला गेली तरी संगणक घरीच राहिले होते. त्यांच्यासाठी हलकी आवृत्ती कुठल्या कंपनीने काढली असती? जुन्या गिऱ्हाइकात कंपनीला रस नसतो. हौशी माणसाला असतो, कारण बहुतेक वेळा जुना संगणक त्याच्याच घरात असतो.

भाषेचंही तेच. 2005 मध्ये केंद्र सरकार आणि सी-डॅक यांनी तमिळपासून सुरुवात करून भारतीय भाषांच्या मोफत सीडी काढल्या, त्यात त्या त्या भाषेतला फायरफॉक्स होता. पुढे फायरफॉक्स अधिकृतपणे मराठीत आला तो मोजक्या माणसांच्या कष्टाने. 'फाइल', 'एडिट' यांना मराठीत काय म्हणावं यावर ही माणसं आठ-आठ दिवस वाद घालत, असं भाचा सांगतो. (वाद घालायला आपण मराठी माणसं कधी कंटाळल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा मला हे खरं वाटतं.)

मग हे सगळे गेले कुठे? सेवाभाव आटला म्हणून गेले?

वक्त्यांना एक मुद्दा मी आपणहून देऊन टाकते. काही आवृत्त्या बंद पडल्या कारण त्यांची गरज संपली. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलाने विंडोजसाठी 64-बिटचा फायरफॉक्स स्वतःच दिला. अधिकृत आवृत्त्याही चांगल्या शिजू लागल्या. प्रोसेसरमागे वेगळी आवृत्ती काढून पूर्वीसारखा फरक दिसेना. ज्या घरी सून उत्तम पुरणपोळी करते तिथे शेजारणीने ताट पाठवायची गरज राहत नाही. इथवर तक्रार नाही. पण गरज संपली म्हणून थांबलेले थोडे. गरज होती, इच्छा होती, आणि तरी ज्यांना थांबावं लागलं, त्यांची गोष्ट त्या भाषणात नव्हती.

पहिली गोष्ट आकाराची. ब्राउझर म्हणजे एकेकाळी मजकूर आणि चित्रं दाखवणारं साधं साधन होतं. आता त्यात सिनेमा चालतो, खेळ चालतात, व्हिडिओवरची मीटिंग चालते, हिशेबाच्या वह्या चालतात. त्याची कृती आता कोट्यवधी ओळींची झाली आहे. क्रोमियम स्वतः शिजवायचा असेल तर किमान 100 जीबी मोकळी जागा ठेवा, आठ जीबी मेमरी तर हवीच, सोळाच्या वर असेल तर उत्तम, असं त्यांच्याच सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. साध्या संगणकावर एकदा शिजवायला कित्येक तास. आमच्याकडे आषाढात वीज जाते-येते; अर्ध्यावर वीज गेली की काय होतं ते मी सांगायला नको. पुण्याच्या होस्टेलवरचा मुलगा जे एका रात्रीत करू शकत होता, ते आजच्या पेडण्याच्या मुलाला तितक्याच हौसेने, तितक्याच हुशारीने करता येणार नाही. त्याच्या टेबलावर तेवढं मोठं यंत्रच नाही. परवानगी कागदावर तशीच आहे. हात पोचत नाही. म्हणजे गावजेवणाच्या तपेल्याची कृती चुलीशेजारी बसलेल्या एकट्या माणसाच्या हातात द्यायची आणि वर म्हणायचं, आम्ही कुठे अडवलंय, कर की!

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी गोष्ट, वेगाची. 2011 च्या जूनपासून फायरफॉक्सची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येऊ लागली. 2020 पासून दर चार आठवड्यांनी. क्रोमही 2021 पासून चार आठवड्यांवर आला. आता ज्याने आपली वेगळी आवृत्ती काढली आहे त्याने काय करायचं? त्याने मूळ कृतीत केलेले दहा-वीस बदल दर चार आठवड्यांनी नव्या कृतीत पुन्हा बसवायचे. मूळवाल्यांनी मधल्या काळात भिंत हलवली असेल तर त्याचं कपाट बसत नाही. मग पुन्हा मोजमाप, पुन्हा करवत. ते झालं की सगळं पुन्हा शिजवायचं, तपासायचं, वाटायचं. तोवर पुढचे चार आठवडे संपत आलेले असतात.

आणि हे टाळता येत नाही, कारण मध्ये सुरक्षेचा प्रश्न आहे. ब्राउझरमध्ये सतत भोकं सापडतात, ज्यातून चोर आत येऊ शकतो. मूळवाले ती बुजवतात. पण कृती खुली असल्यामुळे बुजवणंही उघड्यावर होतं. भोक कुठे होतं ते जगाला वाचता येतं, चोरालाही. ज्याने आपली आवृत्ती त्या आठवड्यात बदलली नाही, त्याच्या वापरणाऱ्यांच्या दाराला नेमकं कुठे भोक आहे याचा नकाशा छापून वाटल्यासारखं होतं. वापरणारे कोण? तोच विश्वास टाकलेला मित्र, तीच मावशी, जी त्या खिडकीतून बँकेचं खातं बघते.

आम्हा जैन घरांतल्या बायकांना हे समजवायला संगणक लागत नाही. पाणी गाळून प्यायचं, हे लहानपणापासून हाताला लागलेलं. पण पाणी एकदा गाळलं की झालं असं नसतं. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं चालतं. त्यानंतर ते पुन्हा न गाळलेल्या पाण्यात जमा. सकाळी घागरभर गाळून ठेवलं आणि दिवसभर निश्चिंत, हे आमच्याकडे चालत नाही. स्वतःचा ब्राउझर काढणाऱ्याचं नेमकं हेच झालं. त्याने हौसेने एकदा गाळलं. मग त्याला कळलं की हे जन्मभर दर दोन घटकांनी करायचं आहे, आणि शेजारच्या शंभर घरांसाठी करायचं आहे, आणि एक दिवस आजारी पडलो तर शंभर घरांत न गाळलेलं पाणी जाणार आहे. त्या माणसाने हात जोडले, तर त्याला आपण आळशी म्हणायचं? मी तर म्हणेन, ज्यांनी वेळेवर हात जोडले आणि 'माझी आवृत्ती आता वापरू नका' असं स्पष्ट सांगितलं, त्यांनीच जबाबदारी ओळखली.

माझा भाचा थांबला तो याच कारणाने. "मावशी, बनवायला मजा यायची गं. पण एकदा तुझ्या दुकानात ते चाललंय हे डोक्यात आलं की झोप यायची नाही," असं तो म्हणाला होता. नोकरी लागली होती, रात्री घरी यायला आठ वाजायचे. त्याने आम्हाला सांगून ते बंद केलं. पुढे बँकेचं पान त्या जुन्या संगणकावर उघडेना, आम्ही नवा घेतला, जुना माळ्यावर गेला.

पूर्वी प्रती काढून वाटणं हे पुण्याचं काम होतं आणि ते पुरंही व्हायचं. दहाव्या शतकात अत्तिमब्बेने पोन्नाच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रांवर करवून दान दिल्या. प्रत एकदा नीट उतरवली की ती पुढच्या पिढ्यांनी नुसती जपायची. अक्षर आपोआप शिळं होत नाही. म्हणून शास्त्रदान करणाऱ्याला कधीतरी 'झालं' म्हणता येत होतं. ब्राउझरची प्रत चार आठवड्यांत शिळी होते. तिथे दान कधी संपतच नाही. सेवाभावाचं जुनं माप या नव्या कामाला लावणारे लोक हा साधा फरक बघत नाहीत याचा मला राग येतो.

तिसरी गोष्ट दारांची. कृती खुली आहे, पण तिच्या आसपासची किल्ल्यांची जुडी खुली नाही. सिनेमे दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे चित्रपट ब्राउझरमध्ये चालायला गूगलचं वाइडवाइन नावाचं कुलूप-किल्लीचं तंत्र लागतं. 2019 मध्ये एका तरुण विकासकाने आपल्या मुक्तस्रोत ब्राउझरसाठी त्याची परवानगी मागितली. चार महिने थांबल्यावर उत्तर आलं, मिळणार नाही. त्याने प्रकल्प सोडून दिला. 2021 मध्ये गूगलने जाहीर केलं, की क्रोमियमवरून दुसऱ्यांनी बनवलेल्या ब्राउझरांना गूगल खात्याशी खुणा-पासवर्ड जुळवून घेण्याची सोय मार्चपासून बंद. डाळ-तांदूळ फुकट, पण चुलीची काडेपेटी शेठजींच्या खिशात. मोझिलाचंही काही बाबतींत वेगळं नव्हतं. नाव आणि बोधचिन्ह यांवरून डेबियनच्या मंडळींशी वाद झाला आणि त्यांना 2006 पासून दहा वर्षं फायरफॉक्सला आइसवीझल म्हणून वाटावं लागलं. 2011 मध्ये मोझिलाने आपलं इंजिन दुसऱ्यांच्या ब्राउझरांत बसवण्याची सोय सांभाळणं सोडलं. कॅमिनो 2013 मध्ये संपला. 14 नोव्हेंबर 2017 ला फायरफॉक्स 57 आला आणि त्या दिवशी जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स निकामी झाली. ते करण्यामागे सुरक्षा आणि वेग अशी योग्य कारणं होती, हे मला मान्य आहे. पण ज्यांनी त्या जुन्या रचनेवर आपलं वेगळेपण उभं केलं होतं, त्यांच्यापुढे दोनच वाटा राहिल्या: वेगळेपण सोडा, नाहीतर जुनी कृती एकट्याने जन्मभर दुरुस्त करत बसा. सायबरफॉक्सच्या कर्त्याने त्याच वर्षी निरोप जाहीर केला.

वॉटरफॉक्सच्या मुलाचं काय झालं, तेही ऐका. खासगीपणा जपणारी खिडकी म्हणून लोक तिच्याकडे वळले होते. 2020 च्या सुरुवातीला बातमी आली की ती एका जाहिरात-धंद्यातल्या कंपनीने घेतली. लोकांनी त्या मुलाला शिव्या घातल्या. वर्षानुवर्षं फुकट वापरणाऱ्यांनी! त्याचं घर कशावर चालतं हे त्यांच्यापैकी किती जणांनी आधी विचारलं होतं? 2023 मध्ये त्याने तो परत स्वतंत्र केला, ही त्याची जिद्द. शिव्या घालणारे काही परत येऊन वर्गणी देऊन गेले असतील अशी आशा करू.

आता कुणी म्हणेल, अहो, लिब्रेवुल्फ आहे, झेन आहे, जपानी मुलांनी सुरू केलेला फ्लोर्प आहे. हौशी माणसं आहेत की अजून. आहेत, आणि त्यांना माझा नमस्कार. पण बघा, ते बहुतेक करून फोडणी बदलतात; डाळ मोझिलाचीच असते. तेवढंच आज दोन-चार हातांच्या आवाक्यात राहिलं आहे. अगदी नवी डाळ शिजवायला निघालेला लेडीबर्ड आहे. त्यासाठी 2024 मध्ये ना-नफा संस्था काढावी लागली, गिटहबच्या एका सहसंस्थापकाने दहा लाख डॉलर देऊ केले, पगारी अभियंते ठेवले. म्हणजे रोजच्या कामाचे पैसे कुणीतरी मोजले तेव्हा ते सुरू राहिलं. जिथे मोठ्यांनाही झेपेना तिथे त्यांनी सरळ शरणागती पत्करली. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं आणि क्रोमियमच्या वाटेने गेला. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2018 मध्ये तेच जाहीर केलं. मोझिलाने ऑगस्ट 2020 मध्ये सुमारे 250 माणसं कमी केली. तिचं बरंचसं उत्पन्न आजही गूगलकडूनच येतं. मायक्रोसॉफ्टला जे परवडलं नाही, ते पेडण्याच्या मुलाने सेवाभावाने करावं अशी अपेक्षा आहे का?

आपल्या देशातला अनुभव वेगळा नाही. बंगळुरूच्या एका कंपनीने 2010 मध्ये फायरफॉक्सवर बेतलेला एपिक ब्राउझर काढला. त्यात भारतीय भाषांत टंकलेखनाची सोय होती. 2013 मध्ये तो क्रोमियमवर गेला. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्च 2025 मध्ये निकाल लागला. एक कोटीचं पहिलं बक्षीस झोहो कंपनीला मिळालं, जिचा उला ब्राउझर आधीपासून होता आणि क्रोमियमवर उभा आहे. झोहोबद्दल माझी तक्रार नाही. चेन्नईची कंपनी आहे, माणसं आहेत, रोज गाळणारे हात आहेत, त्यांना मिळणं साहजिक. माझी तक्रार स्पर्धेच्या कल्पनेशी आहे. आमच्या पेडण्याच्या पुनवेला देवचार भूतनाथ एका रात्रीत देऊळ बांधून मागतो आणि अख्खा गाव त्याची समजूत घालतो. ती श्रद्धा आहे, तिथे ते शोभतं. सरकारने एका स्पर्धेत ब्राउझर मागावा आणि बक्षीस-समारंभाचे फोटो काढावेत, तिथे समजूत घालायला कुणी जात नाही. उद्घाटनाला फीत असते. रोज सकाळी आवार झाडणाऱ्या बाईसाठी कधी फीत कापलेली तुम्ही बघितली आहे?

न झाडल्याचा परिणाम कुठे दिसतो, ते सांगते. जुलै 2019 मध्ये फायरफॉक्स 68 आला. त्यात असमिया, मैथिली, मल्याळम आणि ओडिया या भाषांतल्या आवृत्त्या काढून टाकल्या, कारण त्यांची भाषांतरं कुणी चालू ठेवली नव्हती. चार भारतीय भाषा, त्यांतल्या दोन-तीन तर कोट्यवधींच्या. ज्यांनी पूर्वी हौसेने भाषांतर केलं, त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पण दर काही आठवड्यांनी नवे शब्द येत राहिले आणि ते उचलायला पुढचे हात आले नाहीत. मराठी त्या यादीत नव्हती. ती का नव्हती, याचं उत्तर मला कुठल्याही व्यासपीठावरून कुणी सांगितलेलं नाही. ते उत्तर म्हणजे काही थोडी माणसं, जी संध्याकाळी घरी येऊन नव्या वाक्यांची मराठी करत बसतात आणि ज्यांचं नाव कुठल्याही सत्काराच्या पत्रिकेत छापलं जात नाही.

म्हणून 'पोरांत सेवाभाव नाही' या वाक्याने मला चीड येते. ज्याचं काम वाढवून दहापट केलं, ज्याच्या हातातली हत्यारं काढून घेतली, ज्याला दारं बंद केली आणि ज्याच्या अंगावर चोवीस तासांची पहारेदारी टाकली, त्यालाच आपण चारित्र्याचं प्रमाणपत्र नाकारतो. आणि कोण नाकारतं? जे आजवर एक रुपया किंवा एक संध्याकाळ न देता या खिडक्या वापरत आले. घरात हेच होतं. सून नोकरी करते, मुलाचा अभ्यास घेते, सासूचं औषध-पाणी बघते, आणि 'हल्लीच्या मुली पापड घरी करत नाहीत' म्हणून सुस्कारा सोडायला चार जण ओट्यावर बसलेले असतातच. त्यांना पापड लाटायला बसवून बघावं एकदा!

मला काय हवं आहे, तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती भांडून गेली. सरकारने बक्षीस द्यायचं तर द्यावं, पण त्याच्या दुप्पट रक्कम पुढची दहा वर्षं दरमहा सांभाळणाऱ्यांना द्यावी, आणि त्यात मराठी-कोकणीसारख्या भाषांच्या भाषांतराचा खर्च धरावा. सरकारी पानं कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडलीच पाहिजेत असा दंडक करावा, म्हणजे वेगळी खिडकी वापरणाऱ्याला बिल भरण्यासाठी परत मोठ्या खिडकीपाशी यावं लागणार नाही. फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजपासून इथल्या कॉलेजांनी एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पात वर्षभर दुरुस्त्या पाठवणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे गुण द्यावेत. नवा प्रकल्प एका सत्रात बनवून कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा थोडे जास्तच. आणि आपण वापरणाऱ्यांनी, जत्रेला, पूजेला, मंडपाला वर्गणी देताना जसा हिशेब मागत नाही, तशी वर्षाला शे-दोनशे रुपयांची वर्गणी या लोकांना पाठवावी. ते आपलं नावसुद्धा फलकावर लावणार नाहीत, एवढी एक गैरसोय सोसावी लागेल.

भाच्याने स्वतःची आवृत्ती काढणं सोडलं, पण सगळं सोडलं नाही. फायरफॉक्सची नवी आवृत्ती बहुतेक मंगळवारी येते, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. तेव्हा तो मराठीची वाक्यं नीट दिसतात का, कुठे अक्षरं तुटली का, कुठे इंग्रजीच राहून गेलं का, ते बघत बसतो. मागच्या वेळी मी त्याला विचारलं, तुझ्यानंतर हे कोण बघणार आहे. तो म्हणाला, "दोघी आहेत मावशी, एक साताऱ्याची, एक तुमच्या डिचोलीकडची. डिचोलीवालीची परीक्षा आहे, म्हणून या महिन्यात तिचं पण मीच करतोय."